सांगण्याची विद्या

वसंत ऋतूत व्याख्याने ऐकण्याची चाल महाराष्ट्रात जुनी आहे. परीक्षा संपलेल्या असतात, शेतातली कामे थोडी विसावलेली असतात, ऊन उतरले की माणसे घराबाहेर येतात, आणि कोणी जाणत्याने दोन गोष्टी सांगाव्यात असे वाटण्याजोगी ती वेळ असते. छावणीत तर ह्या दिवसांत खाम नदीकडून संध्याकाळी थोडासा वाराही येतो. अशा वेळी व्याख्यात्याने श्रोत्यांना फार शिणवू नये हे आम्हांस कळते. तथापि आजचा विषय थोडा अडचणीचा आहे. विद्वान मंडळी जे संशोधन करतात, ते तुमच्या-आमच्यापर्यंत येते कसे, आणि येत नसेल तर ते कोठे अडते, ह्याचा थोडा इतिहास आम्ही आज मांडणार आहोत. आम्ही स्वतः विद्यापीठाची पायरी विद्यार्थी म्हणून कधी चढलेलो नाही. आमचे शिक्षण कामगार संघटनेच्या कचेरीत, वाचनालयाच्या बाकावर आणि अशाच व्याख्यानांच्या मागच्या रांगेत झाले. तेव्हा ह्या प्रश्नाकडे आम्ही घेणाऱ्याच्या बाजूने पाहतो, देणाऱ्याच्या नव्हे, हे आरंभीच सांगितलेले बरे.

ह्या विषयाकडे आम्ही वळलो त्याचे कारण एक साधा प्रसंग आहे. छावणीतून वाळूजच्या कारखान्यांत जाणारे पुष्कळ कामगार आहेत. त्यांपैकी काही प्रेस शॉपमध्ये काम करतात. पत्रा दाबून त्याला आकार देणारी ही यंत्रे दिवसभर घणाचे घाव घालीत असतात. काही वर्षांपूर्वी एक संशोधक विद्यार्थिनी तेथील कामगारांकडे आली. तिने चाळीस-पन्नास जणांची माहिती लिहून घेतली, कानांची तपासणी करविली, मशीनजवळचा आवाज मोजला, आणि सर्वांचे आभार मानून ती निघून गेली. पोरगी गुणी होती. कामगारांनी तिला आपल्या डब्यातली भाकरी खाऊ घातली. पुढे दोन वर्षे काहीच कळले नाही. मग एके दिवशी तेथले एक वडीलधारे कामगार आमच्या कचेरीत आले आणि मोठ्याने म्हणाले (ते मोठ्यानेच बोलत, कारण स्वतःचा आवाजही त्यांना नीट ऐकू येत नसे), ‘दादा, त्या बाईनं आमचे कान लिहून नेले होते. त्याचं पुढं काय निघालं हो?’

आम्ही चौकशी केली. प्रबंध पुरा झाला होता, पदवी मिळाली होती, आणि त्याची एक प्रत एका ग्रंथालयाच्या कपाटात होती. ती वाचण्यासाठी तीन जणांच्या सह्या लागल्या. प्रबंध इंग्रजीत होता. शब्दकोश जवळ घेऊन आम्ही तो अकरा संध्याकाळी वाचून काढला. त्यात एक पान असे होते की ज्यात कामगार कानांत घालतात त्या कापसाच्या बोळ्याचा जवळजवळ काही उपयोग होत नाही, आणि आवाजाने गेलेली श्रवणशक्ती पुन्हा येत नाही, असे स्वच्छ लिहिलेले होते. आणि आमची माणसे ती दोन वर्षे रोज सकाळी घरून कापूस घेऊन जात होती.

ह्यात कोणाला दोष द्यावा? त्या मुलीला नव्हे. तिला प्रबंध कसा लिहावा हे शिकविले होते; तो कोणाला आणि कसा सांगावा हे कोणी शिकविले नव्हते. शोध लावणे ही एक विद्या आहे, आणि लागलेला शोध सांगणे ही दुसरी विद्या आहे. पहिलीसाठी शाळा आहेत, दुसरीसाठी फारशा नाहीत. परंतु ही दुसरी विद्या आमच्या प्रांताला अगदीच अपरिचित होती असे मात्र नाही. उलट, ह्याच शहरात आणि ह्याच छावणीच्या वेशीवर तिचे काही फार चांगले नमुने होऊन गेले आहेत. त्यांची आठवण करून देणे हा आजच्या व्याख्यानाचा हेतू आहे.

महाराष्ट्रात ह्या विद्येचा आरंभ एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास झाला. बाळशास्त्री जांभेकरांनी 1832 मध्ये ‘दर्पण’ काढले आणि 1840 मध्ये ‘दिग्दर्शन’ हे मासिक काढून भूगोल, इतिहास, सृष्टिविज्ञान हे विषय मराठी वाचकाच्या हाती दिले. 1848 मध्ये मुंबईत तरुण विद्यार्थ्यांनी ज्ञानप्रसारक सभा स्थापन केली. तीत निबंध वाचले जात, आणि पुढे ‘मराठी ज्ञानप्रसारक’ मासिकातून असे लेखन छापून येऊ लागले. 1875 मध्ये न्यायमूर्ती रानडे ह्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. आज आपण येथे बसलो आहोत ती परंपरा त्या मालेपासून आली आहे. रानड्यांचे धोरण असे की, जे ज्ञान इंग्रजी पुस्तकांत आणि सरकारी अहवालांत अडकून पडले आहे ते संध्याकाळच्या वेळी, मोकळ्या जागी, आपल्या भाषेत सांगितले गेले पाहिजे.

त्यानंतर दोन मोठी माणसे आली. वि. का. राजवाडे ह्यांनी मराठ्यांच्या इतिहासाची साधने गावोगाव हिंडून गोळा केली. कोणाच्या माळ्यावरचे, कोणाच्या पेटाऱ्यातले, कोणाच्या गोठ्यात पडलेले असे कागद त्यांनी मिळविले. त्यांचा पहिला खंड 1898 मध्ये निघाला आणि पुढे एकंदर 22 खंड झाले. त्यांनी लिहिले ते मराठीत, आणि तेही हट्टाने. हे कागद शेतकऱ्यांच्या, देशपांड्यांच्या, पाटील-कुळकर्ण्यांच्या घरचे होते, आणि ज्या भाषेत ते लिहिले गेले त्याच भाषेत त्यांचा अर्थ सांगितला गेला, ही गोष्ट लहान नव्हे. 1910 मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ निघाले, तेव्हा सापडलेला कागद सभेपुढे वाचावा आणि त्यावर चर्चा व्हावी अशी शिस्त पडली.

दुसरे श्रीधर व्यंकटेश केतकर. त्यांनी अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाची पदवी घेतली, जातिसंस्थेवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला, आणि मायदेशी येऊन मराठीत ज्ञानकोश करण्याचे मनावर घेतले. आम्हां संघटनेच्या माणसांना केतकरांचा विशेष आदर वाटतो, तो त्यांच्या विद्वत्तेपेक्षाही एका वेगळ्या कारणासाठी. ज्ञानकोशाच्या कामासाठी त्यांनी रीतसर लिमिटेड कंपनी काढली, तिचे भाग विकले, आणि वर्गणीदार मिळविण्यासाठी ते स्वतः गावोगावी, दारोदारी फिरले. 23 विभागांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश 1920 नंतरच्या दशकात पुरा झाला तो ह्या पायपिटीवर. पुढे त्यांनी ह्या सगळ्या खटाटोपाचा इतिहासच ‘माझे बारा वर्षांचे काम’ म्हणून लिहून ठेवला. वर्गणी गोळा करण्याची लाज वाटणारा मनुष्य संघटना चालवू शकत नाही. केतकरांनी दाखवून दिले की तो ज्ञानप्रसारही करू शकत नाही. पुस्तक चांगले असले की ते आपोआप खपेल, आणि संशोधन खरे असले की ते आपोआप पसरेल, हा विद्वानांचा जुना भ्रम आहे.

हे झाले पुण्या-मुंबईकडचे. आमच्या मराठवाड्याची गोष्ट निराळी होती. आपण निजामाच्या राज्यात होतो. येथे मराठी बोलणारे लोक बहुसंख्य असले तरी वरचे शिक्षण मराठीत नव्हते, आणि सभा भरविणे ही सोपी गोष्ट नव्हती. 1929 च्या सुमारास निघालेले ‘गश्ती निशाण 53’ हे फर्मान जुन्या मंडळींच्या बोलण्यात अजूनही येते. त्या फर्मानाने जाहीर सभेला आगाऊ परवानगी लागू लागली. पुण्यास व्याख्यानमाला पन्नाशी ओलांडून गेली होती, त्या काळात येथे चार लोकांनी जमून व्याख्यान ऐकायचे म्हटले तरी अमलदाराच्या कचेरीत अर्ज करावा लागे. आपण आज येथे कोणाला न विचारता बसलो आहोत, ह्याचे मोल कळावे म्हणून हे सांगितले.

आणि तरीही ज्ञानप्रसाराचे एक फार मोठे काम त्याच राज्यात, आणि खास आमच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात चालू होते. ते उर्दूत चालले होते म्हणून मराठी मंडळींनी त्याची पुरेशी दखल घेतली नाही. मौलवी अब्दुल हक ह्यांना उर्दू जगात ‘बाबा-ए-उर्दू’ म्हणतात. ते येथे शाळाखात्यात अधिकारी होते आणि पुढे येथील इंटरमिजिएट कॉलेजचे प्राचार्य झाले. 1903 मध्ये उत्तरेत स्थापन झालेल्या अंजुमन तरक्की-ए-उर्दू ह्या संस्थेचे ते 1912 मध्ये चिटणीस झाले, आणि संस्थेची कचेरी त्यांच्याबरोबर ह्या शहरात आली. त्यानंतर सुमारे पंचवीस वर्षे हिंदुस्थानभरच्या उर्दू संशोधनाची सूत्रे येथून हलत होती. 1921 मध्ये ‘उर्दू’ हे त्रैमासिक येथून निघू लागले. 1928 मध्ये ‘सायन्स’ ह्या नावाचे दुसरे त्रैमासिक निघाले, आणि ते केवळ शास्त्रीय विषयांना वाहिलेले होते. मुल्ला वजहीचा ‘सबरस’ हा दखनी गद्याचा सतराव्या शतकातला ग्रंथ हस्तलिखितांवरून शोधून, तपासून छापला गेला तो ह्या संस्थेकडून. औरंगाबादच्याच लछमीनारायण शफीक ह्याचा कविचरित्रांचा ग्रंथ येथूनच प्रसिद्ध झाला. मराठी भाषेवर फारसीचा काय परिणाम झाला ह्या विषयावर खुद्द अब्दुल हकांनी पुस्तक लिहिले. म्हणजे आपल्या भाषेचाही अभ्यास त्यांच्या टेबलावर होता.

ह्या कामातून शिकण्यासारखी गोष्ट म्हणजे शब्दांची मेहनत. 1917 मध्ये हैदराबादेत भाषांतराचे खाते निघाले, त्याचे पहिले प्रमुख अब्दुल हकच होते. 1918 मध्ये उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले, आणि तेथे वैद्यक व यंत्रविद्येपर्यंत सर्व विषय उर्दूतून शिकविण्याचे ठरले. ह्यासाठी हजारो शास्त्रीय शब्द घडवावे लागले. शब्द कसा घडवावा, फारसी-अरबीतून घ्यावा की लोकांच्या बोलीतून घ्यावा, ह्यावर विद्वानांच्या बैठका होत, वाद होत, कोश निघत. ज्या शोधाला लोकांच्या भाषेत शब्द नाही तो लोकांपर्यंत जाऊच शकत नाही, हे त्या मंडळींनी ओळखले होते. मराठीतही पुढे 1960 नंतर परिभाषा कोशांचे आणि विश्वकोशाचे काम सुरू झाले, 1966 मध्ये मराठी विज्ञान परिषद निघाली. पण देशी भाषेत विद्यापीठ चालवून पाहण्याचा प्रयोग आपल्या ह्या भागाने त्यापूर्वी चाळीस-पन्नास वर्षे पाहिला होता.

त्याची उणीवही सांगितली पाहिजे, नाही तर इतिहास अर्धा राहील. उर्दू ही राज्यकर्त्यांच्या दरबाराची भाषा होती. पैठणच्या विणकराला, गंगापूरच्या शेतमजुराला ती भाषा लिहिता-वाचता येत नसे. ‘सायन्स’ त्रैमासिकात पाण्यातून पसरणाऱ्या रोगांवर उत्तम लेख आला असता, तरी आमच्या आजोबांच्या गावच्या आडावर तो कोणी वाचून दाखविला नसता. देशी भाषा म्हणजे लोकांची भाषा असे समीकरण नेहमीच जुळते असे नाही. देशी भाषेतही उंच ओटे असतात, आणि त्या ओट्यावर चढण्याचा हक्क सर्वांना नसतो.

पण ह्याच अब्दुल हकांनी एक गोष्ट अशी केली की तिच्यासाठी आम्ही त्यांना मनोमन नमस्कार करतो. त्यांनी आपल्या काळच्या मोठमोठ्या माणसांची शब्दचित्रे लिहिली. त्या पंगतीत त्यांनी बीबी-का-मकबरा येथील बागेत काम करणाऱ्या नामदेव नावाच्या माळ्याचे चित्र लिहिले. हा नामदेव अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीचा होता. रोपांवर तो मुलांसारखी माया करी. दुष्काळात पाणी नसताना लांबून पाणी वाहून आणून त्याने झाडे जगविली. एकदा बागेत मधमाश्यांनी हल्ला केला, सारे पळाले, आणि हा आपल्या कामात गढलेला तसाच राहिला. त्यातच त्याचा अंत झाला. उर्दू शिकणारी मुले पाठ्यपुस्तकांत ह्या माळ्याची गोष्ट वाचत आली आहेत. विद्वानाने खाली पाहिले, तेव्हा त्याला जे दिसले ते पुष्कळ ग्रंथांपेक्षा अधिक टिकले. अब्दुल हक 1961 मध्ये कराचीत वारले. ज्या बागेतला माळी त्यांनी अमर केला ती बाग आपल्या शहरात आजही आहे. आपल्यापैकी कितीजणांनी तेथे नामदेवाची आठवण काढली असेल?

आता छावणीच्या अगदी वेशीवर येऊ. 1950 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय येथे सुरू केले. 1 सप्टेंबर 1951 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद ह्यांच्या हस्ते त्याची कोनशिला बसली. महाविद्यालयाला नाव दिले ‘मिलिंद’ आणि परिसराला ‘नागसेनवन’. ही दोन नावे आपण रोज घेतो, रिक्षावाल्यालाही सांगतो. पण ती का दिली ह्याचा विचार करीत नाही. मिलिंद म्हणजे मिनँडर हा ग्रीक वंशाचा राजा. त्याला वादात कोणी हरवीत नसे, आणि आपल्या शंका फेडणारा विद्वान तो शोधीत होता. नागसेन हा भिक्षू त्याला भेटला. त्यांच्या प्रश्नोत्तरांचा पाली ग्रंथ ‘मिलिंदपञ्ह’ ह्या नावाने प्रसिद्ध आहे.

त्या ग्रंथातल्या दोन गोष्टी आजच्या विषयाला अगदी लागू आहेत. नागसेनाने राजाला सांगितले की, मला नागसेन म्हणतात खरे, पण ह्या नावाखाली कायम टिकणारा असा कोणी पुरुष नाही. राजा बुचकळ्यात पडला. तेव्हा नागसेनाने लांबलचक व्याख्या दिली नाही. त्याने विचारले, महाराज, आपण येथे कसे आलात? राजा म्हणाला, रथातून. मग रथ म्हणजे काय? दांडी म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? चाके म्हणजे रथ का? राजा प्रत्येकाला नाही म्हणत गेला, आणि शेवटी स्वतःच म्हणाला की, हे सारे भाग एकत्र आले म्हणजे त्यांना रथ हे नाव मिळते. नागसेनाला जे सांगायचे होते ते राजाच्याच तोंडून निघाले. शिकविणाऱ्याने ऐकणाऱ्याच्या वाहनातून प्रवास सुरू करावा, हा धडा ह्यात आहे. राजाशी रथाबद्दल बोलावे, प्रेस शॉपमधल्या माणसाशी प्रेसबद्दल बोलावे.

दुसरी गोष्ट ह्याहून महत्त्वाची. चर्चा सुरू करण्यापूर्वी नागसेनाने राजाला अट घातली. विद्वान जसे बोलतात तसे बोलणार असाल तर बोलतो. राजे जसे बोलतात तसे बोलणार असाल तर नाही. कारण विद्वानांच्या वादात एखाद्याची चूक दाखविली तर तो रागावत नाही. राजाला विरोध केला तर तो शिक्षा करतो. आम्ही तीस वर्षे मालकांशी वाटाघाटी केल्या. ही अट आम्हांला त्या वेळी ठाऊक असती तर प्रत्येक बैठकीच्या आरंभी आम्ही ती वाचून दाखविली असती. ज्या सभेत प्रश्न विचारणाऱ्याला भीती वाटते, तेथे ज्ञान जात नाही, केवळ हुकूम जातो.

खुद्द बाबासाहेबांचे उदाहरण घ्या. 1923 मध्ये लंडनमध्ये त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ निघाला. तो चलनशास्त्र जाणणाऱ्यांसाठी होता. पण त्यापूर्वी, 31 जानेवारी 1920 रोजी, त्यांनी मुंबईत ‘मूकनायक’ हे मराठी पाक्षिक सुरू केले होते, आणि 1927 मध्ये ‘बहिष्कृत भारत’ काढले. एकाच माणसाच्या लेखणीला दोन प्रकारचे वाचक होते. लंडनच्या वाचकासाठी त्यांनी आकडे सोडले नाहीत, आणि कामाठीपुऱ्यातल्या किंवा परळमधल्या वाचकासाठी त्यांनी विचार पातळ केला नाही. भाषा सोपी करणे आणि विचार हलका करणे ह्या दोन गोष्टी एक नव्हेत. हा फरक ज्याला कळत नाही त्याने सोपे लिहिण्याच्या भरीला पडू नये.

हे बीज नागसेनवनात रुजले. प्राचार्य म. भि. चिटणीस, डॉ. म. ना. वानखडे आणि डॉ. गंगाधर पानतावणे ह्यांच्यासारख्या शिक्षकांभोवती तेथे लिहित्या विद्यार्थ्यांची पिढी तयार झाली. 1967 मध्ये ‘अस्मिता’ नावाचे नियतकालिक निघाले, 1968 पासून ते ‘अस्मितादर्श’ झाले, आणि पानतावण्यांनी ते 2018 मध्ये निधन होईपर्यंत चालविले. बाबासाहेबांच्या पत्रकारितेवर त्यांनी संशोधन केले आणि ते सर्वांना वाचता येईल असे पुस्तकरूपाने दिले. त्याहूनही मोठे काम म्हणजे, गावोगावी लिहू पाहणाऱ्या पोरांची पत्रे ते वाचीत, उत्तरे देत, लेख दुरुस्त करून छापीत, आणि अस्मितादर्शचे मेळावे भरवून त्यांना बोलते करीत. सांगण्याची विद्या शिकविणारी शाळा नाही असे आम्ही मघाशी म्हणालो. ही एक होती, आणि ती आमच्या दाराशी होती.

येथवर सांगणाऱ्यांचा इतिहास झाला. ऐकणाऱ्यांचाही एक इतिहास आहे, आणि तो क्वचितच लिहिला जातो. लंडनमध्ये मायकेल फॅरडे नावाचा एका लोहाराचा मुलगा पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करीत होता. बांधणीला आलेली पुस्तके तो वाची. 1812 मध्ये दुकानाच्या एका गिऱ्हाईकाने त्याला सर हम्फ्री डेव्हीच्या चार व्याख्यानांची तिकिटे दिली. फॅरडेने प्रत्येक व्याख्यानाचे टिपण केले, ते स्वच्छ लिहून काढले, आकृत्या घातल्या, स्वतः बांधले आणि डेव्हीकडे पाठविले. पुढल्या वर्षी डेव्हीने त्याला प्रयोगशाळेत नोकरी दिली, आणि त्या नोकरीतून विजेच्या युगाचा एक जनक निर्माण झाला. पण आमच्या विषयाच्या दृष्टीने पुढची गोष्ट अधिक मोलाची आहे. फॅरडेने व्याख्यान देणे हीसुद्धा शिकण्याची विद्या मानली. इतरांची व्याख्याने ऐकताना तो बोलण्याची गती, प्रयोगाची मांडणी, श्रोत्यांची बसण्याची जागा आणि खोलीतील हवासुद्धा न्याहाळी व मित्राला पत्रांतून कळवी. पुढे त्याने उच्चारशास्त्राच्या शिक्षकाकडे पैसे देऊन धडे घेतले. मुलांसाठी नाताळची व्याख्याने 1825 मध्ये त्याच्या संस्थेत सुरू झाली. त्यांत त्याने एक साधी मेणबत्ती घेऊन सारे रसायनशास्त्र उलगडून दाखविले. एवढा मोठा शास्त्रज्ञ बोलण्याचे धडे घेतो, आणि आम्ही समजतो की पदवी मिळाली की बोलणे येतेच!

आमच्या कामगार चळवळीचा आरंभही माहिती गोळा करण्यापासूनच झाला. नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी 1884 मध्ये मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे 5,500 कामगारांच्या सह्यांचा अर्ज फॅक्टरी कमिशनपुढे ठेवला. आठवड्याची सुटी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार, जखमी झालेल्यास भरपाई, असल्या मागण्या त्यात होत्या. 1890 मध्ये रविवारची सुटी मिळाली. कामगार हा त्या वेळी केवळ माहितीचा विषय नव्हता, माहिती देणारा आणि तिचा उपयोग करणारा होता. पुढे 1911 मध्ये ना. म. जोशी ह्यांनी सोशल सर्व्हिस लीग काढली. तिने कामगार वस्तीत रात्रशाळा चालविल्या आणि फिरती वाचनालये नेली. पुस्तकापर्यंत माणूस येत नसेल तर पुस्तकाने माणसापर्यंत जावे, हा त्यामागचा साधा हिशेब होता.

आता आजचे काय? 1958 मध्ये 23 ऑगस्ट रोजी मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. 1994 मध्ये त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव मिळाले, आणि त्यासाठी किती माणसांनी काय सोसले हे ह्या शहराला सांगण्याची गरज नाही. देशभरच्या विद्यापीठांतील प्रबंध आता ‘शोधगंगा’ नावाच्या संगणकीय भांडारात ठेवले जातात, आणि ते कोणालाही फुकट वाचता येतात. तीन सह्यांची गरज उरलेली नाही. ही चांगली सुधारणा आहे, आणि तिचे आम्ही मनापासून स्वागत करतो. परंतु कुलूप निघाले म्हणजे घरी माणूस आलाच असे होत नाही. पाणी धरणात आले आहे. चारी खोदलेली नाही. मराठवाड्यातल्या माणसाला ह्या दोहोंतला फरक समजावून सांगावा लागत नाही.

ही चारी कोणी खोदायची? आमच्या मते दोन्ही बाजूंनी खोदावी लागेल. संशोधकाने प्रबंधाबरोबर चार पानांचा मराठी सारांश लिहावा, आणि तो लिहिण्याचे शिक्षण त्याला पदवीच्या आधी मिळावे. ज्यांच्याकडून माहिती घेतली त्यांच्याकडे त्याने एकदा परत जावे, आणि काय निघाले ते त्यांच्या समोर बसून सांगावे. शेतात बी मागून नेणारा मनुष्य सुगीला तोंड दाखवितो. एवढी रीत विद्वानानेही पाळावी. आणि आपण? आपण विचारले पाहिजे. वहीत नाव लिहून देताना, सुईने रक्त काढू देताना, फॉर्मवर अंगठा उठविताना, ‘ह्याचं पुढं काय निघेल ते आम्हांला कधी सांगाल?’ असे त्याच वेळी विचारले पाहिजे. असा प्रश्न विचारण्यात उद्धटपणा नाही. राजासुद्धा भिक्षूला प्रश्न विचारीतच होता.

ह्या व्याख्यानमालेच्या चालकांना आमची एक विनंती आहे. पुढल्या वर्षीपासून सात-आठ संध्याकाळींपैकी एक संध्याकाळ आपल्या जिल्ह्यावर झालेल्या संशोधनासाठी राखून ठेवा. तीन-चार तरुण संशोधकांना बोलवा. प्रत्येकाला वीस मिनिटे बोलू द्या आणि वीस मिनिटे श्रोत्यांचे प्रश्न घेऊ द्या. कोणी पाण्यावर काम केले असेल, कोणी जुन्या शिलालेखावर, कोणी विड्या वळणाऱ्या बायकांच्या छातीवर. पहिल्या वर्षी ती मुले अडखळतील. अडखळू द्या. मागच्या रांगेतून कोणी ओरडेल की ऐकू येत नाही, तर मोठ्याने बोलायला शिकतील.

त्या प्रबंधाची गोष्ट अर्धी राहिली, ती सांगून संपवितो. आम्ही त्यातील कामाची चार पाने मराठीत उतरविली आणि पाळी सुटण्याच्या वेळी फाटकाबाहेर वाचून दाखविली. मग ती घेऊन व्यवस्थापनाकडे गेलो. थोडी खळखळ झाली, पण कानांवर घालायची योग्य साधने आली, आणि मुलांच्या कानांची तपासणी दरवर्षी होऊ लागली. त्या विद्यार्थिनीला आम्ही पत्र लिहिले. ती स्वतः आली, फाटकाजवळ उभी राहिली, आणि कागद हातात न घेता बोलली. पहिल्यांदा तिचा आवाज कापत होता. ते वडीलधारे कामगार पुढे येऊन तिच्या अगदी तोंडाशी कान नेऊन उभे राहिले होते. तिचे बोलणे संपल्यावर त्यांनी आम्हांला विचारले, ती काय म्हणाली. त्यांच्यापुरता उशीर झालेला होता. आम्ही तिचे बोलणे एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून त्यांच्या हाती दिले. त्यांनी तो कागद वाचला, घडी घातली आणि शेजारी उभ्या असलेल्या, नुकत्याच कामाला लागलेल्या आपल्या मुलाच्या खिशात ठेवला.